मेंढरांमागे गेला

पुण्याच्या एका कारखान्याच्या क्रिकेट संघात माझी निवड झाली ती सरासरीच्या एका कागदावर, आणि तो कागद खोटा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासोबत इतकी वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला त्या मित्रालाही नाही. कागदावरची माझी स्वतःची सरासरी खरी होती, तिला मी हात लावला नव्हता. दुसऱ्या एकाची मी खाली आणली होती.

मी फार बोलणारा माणूस नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र काही गोष्टी आतल्या आत ठेवून झोप लागत नाही, म्हणून लिहितो आहे. पण आधी ते मैदान सांगायला हवं. ते आठवलं की मला आधी हसू येतं, बाकीचं नंतर.

आमचं गाव मुळशीच्या तळ्याकाठी. धरण झालं तेव्हा गावाची जुनी भातखाचरं पाण्याखाली गेली, पण दर उन्हाळ्यात पाणी मागे हटायचं आणि ती महिना-दोन महिन्यांपुरती पुन्हा वर यायची. चैत्र संपता संपता गाळ वाळून टणक झाला की आम्ही विशी-बाविशीतली पोरं तिथे खेळपट्टी काढायचो. जुने बांध झिजून वीतभर उरले होते. सरळ येणारा चेंडू मध्येच एखाद्या बांधावर आपटून कुणाच्याही हनुवटीकडे निघायचा. त्यामुळे शेजारच्या भऱ्याचा किंवा पौडाचा संघ आला की पहिल्या तासात त्यांचे तीन-चार गडी आम्ही नाही, आमच्या आज्या-पणज्यांनी काढलेले असायचे.

म्हातारी माणसं बघायला यायची ती आपापली जमीन ओळखायला. एकदा एक आजोबा काठी टेकत थेट मैदानात आले आणि आमच्या क्षेत्ररक्षकाला म्हणाले, "आरं, माझ्या बापाच्या खाचरात उबा हायेस तू. सरक जरा, बगू दे."

"आजा, सरकलो तर चौका जातोय."

"मग वाकून उबा ऱ्हा. रोप लावल्यागत."

तो खरंच वाकला, आणि पुढचाच चेंडू त्याच्या हातात आला. आजोबा वर्षभर सांगत होते की तो झेल त्यांच्या वावरातला.

सीमारेषा म्हणजे पाण्याची कड. चेंडू पाण्यात गेला की चौका, आणि ज्याने मारला त्यानेच तो काढून आणायचा, हा आमचा कायदा. त्यामुळे धावांची वही सुरू होण्याआधी कोण किती खेळला ते त्याच्या चड्डीवरून कळायचं. गुडघ्यापर्यंत ओला तो बरा फलंदाज, कमरेपर्यंत ओला तो चांगला. माझी चड्डी बहुतेक कोरडी असायची. मी एकेक धाव काढणारा माणूस.

मी मॅट्रिक झालो होतो आणि घरची भातशेती बघत होतो. अक्षर बरं, गणित बरं, म्हणून वही माझ्याकडे आली आणि मला ‘तलाठी’ हे नाव पडलं. नोंद चुकली की शिव्या तलाठ्याला, बरोबर असली तरी शिव्या तलाठ्यालाच. वहीत मी चार रकाने आखले होते: गडी, धावा, कसा गेला, आणि शेरा. आमच्याकडे फलंदाज बाद झाला असं कुणी म्हणत नसे. ‘गेला’ म्हणत. म्हणून तिसऱ्या रकान्यात मी लिहायचो, ‘दांडी उडून गेला’, ‘झेल देऊन गेला’, ‘पळताना गेला’. आणि शेवटपर्यंत टिकला तर ‘नाबाद’, कारण तो शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता आणि मला तो फार आवडायचा.

सरासरी काढायला मी दुसऱ्या उन्हाळ्यात शिकलो. नवे पैसे नुकतेच आले होते, आणि दशांश चिन्हापुढचे दोन आकडे म्हणजे काय हे पारावर समजावताना मी नको ते उदाहरण दिलं. झालं. त्या दिवसापासून आमच्या गावात प्रत्येक फलंदाज रुपये-नवे पैशांत मोजला जाऊ लागला. आमचा यष्टिरक्षक गावाचा न्हावी होता. हाताने जितका चपळ, तितकाच तोंडाने. त्याची सरासरी साडेबारा निघाली.

"म्हंजे मी बारा रुपये पन्नास नवे पैसे?" तो म्हणाला. "चांगलंय की. आन् ह्यो वेगवान गोलंदाज?"

"चार रुपये दहा."

"त्येला मोड म्हनून ठिवा."

आता ज्याच्यासाठी हे लिहितो आहे तो. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, जातीचा मेंढपाळ. उन्हाळ्यात तळ्याच्या कडेला कोवळं गवत फुटायचं, त्यावर मेंढरं घेऊन यायचा आणि पावसाआधी कळप पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात न्यायचा, कारण आमच्याकडचा पाऊस मेंढरांना सोसत नाही. पहिल्यांदा तो मैदानात आला तो कोकरू पकडायला. आम्ही दहाच जण होतो. न्हाव्याने कोकरू धरलं, त्याच्या हातात बॅट दिली आणि म्हणाला, "दहा रन काड, मंग सोडतो."

त्याने तीस-बत्तीस काढल्या. कोकरू बेंबटत होतं, न्हावी हसत होता आणि आम्ही तोंडात बोटं घालून बघत होतो.

बॅट धरायची कशी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चुकार मेंढराला वळवताना काठी जशी जमिनीलगत अर्धगोल फिरते, तशी त्याची बॅट फिरायची. चेंडू कधी वर उडायचाच नाही. गवताला घासत, बांधांच्या फटींतून, थेट पाण्यात. मग हा शांतपणे चालत जाऊन चेंडू घेऊन यायचा. तीन उन्हाळ्यांत तो एकदाही झेल देऊन गेला नाही. वहीत आहे तसं. माझे निम्मे बळी झेलांचे. तो गेला तर दांडी उडून, नाहीतर पळताना, कारण पळताना त्याची नजर चेंडूवर नसायची, उतारावरच्या कळपावर असायची.

आणि तो आणखी एका तऱ्हेने जायचा. डाव रंगात आलेला असायचा, गोलंदाज धावत निघालेला असायचा, आणि वरच्या अंगाला मेंढरं कुणाच्या तरी काकडीच्या वाफ्याकडे वळायची. हा बॅट हलकेच खाली ठेवायचा आणि शीळ घालत पळत सुटायचा.

"आरं, बोल टाकतोय मी!" गोलंदाज ओरडायचा.

"टाक की. दांडी हाय तितंच."

एकदा तर गोलंदाजाने खरंच टाकला आणि मोकळ्या दांडीलाही त्याचा नेम लागला नाही. न्हावी यष्ट्यांमागे बसून पोट धरून हसला. मग माझ्याकडे वळून त्याने नेहमीची हाक दिली, "लिव तलाठी! मेंढरांमागं गेला!"

मी लिहिलं. ‘मेंढरांमागे गेला.’ तीन उन्हाळ्यांत असं सहा वेळा लिहिलं. त्यात कपट नव्हतं. जो खेळपट्टीवरून गेला, तो गेला.

एकदा दुपारच्या सावलीला आम्ही दोघंच बसलो होतो. तो चड्डी पिळत होता. म्हणाला, "तलाठी, एक डाव तरी मेंढरांकडं पाठ करून खेळायचाय मला. पार शेवटल्या बोलापत्तुर. किती व्हत्यात ते बगायचंय."

"मग थोरल्या भावाला बसव ना एक दिवस कळपावर."

"त्यो म्हनतो, खेळासाटी न्हाई बसनार. नोकरी लागली कुटं तर सगळं मी सांबाळतो म्हनतो." आणि हसून म्हणाला, "मला कोन देतंय नोकरी. सही येत न्हाई."

तिसऱ्या उन्हाळ्यात, गावच्या जत्रेला, नोकरीच चालत गावात आली. आमचा तो चार रुपये दहावाला गोलंदाज तोवर पुण्यात एका कारखान्यात लागला होता. जत्रेचे पेढे वाटता वाटता पारावर त्याने सांगितलं, की कारखान्याच्या संघाला एक फलंदाज पाहिजे. गोदामात काम मिळेल, शिक्षणाची अट नाही, सामान उचलता आलं की झालं. "एकच जागा हाय. सायब म्हनला, गावाकडं कोन चांगला आसंल त्येचा तीन वर्सांचा हिशोब कागदावर आन. आदी कागद बगनार, मग खेळ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बगायचं काय त्यात," न्हावी म्हणाला. "मेंढरंवाला, न्हाईतर तलाठी."

"आन् तू?" कुणीतरी विचारलं.

"मी गेलो तर गावाच्या डोक्याचं काय व्हईल?"

मेंढरंवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "तलाठी, माजं किती भरत्यात रं?" आणि विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता, वहीकडे बघत होता.

घरी येऊन मी मांडणी केली. माझे डाव चोवीस, नाबाद चार, धावा चारशे तीस. वीसने भागले, साडेएकवीस. त्याचे डाव वीस, धावा तीनशे पंच्याऐंशी. ‘नाबाद’ एकदाही नाही. ‘गेला’ वीस वेळा. भागाकार, सव्वाएकोणीस. मी दोनदा करून पाहिला. इथपर्यंत मी प्रामाणिक होतो, एवढं तरी माझ्या बाजूने असू द्या.

पण मी त्याच्यासमोर खेळलो होतो. ज्याला कमरेपर्यंत ओला झालेला मी शंभर वेळा पाहिला, तो माझ्या खाली कसा? दुसऱ्या दिवशी मी धरणावरच्या ओव्हरसीयरकडे गेलो. पुण्याचा माणूस, कॉलेजात खेळलेला, अधूनमधून आमचा पंच व्हायचा. मी आडून विचारलं, "साहेब, फलंदाज बाद न होता मध्येच निघून गेला, तर काय धरायचं?"

"आजारी पडला, लागलं, किंवा टाळता न येण्यासारखं कारण असलं तर नाबाद धरायचं. उगाच कंटाळून गेला तर बाद." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला हसू आलं. "मेंढरांचं विचारतो आहेस होय? अरे, कळप दुसऱ्याच्या वाफ्यात शिरला तर बिचाऱ्याने काय करावं? नाबादच ते."

परतीची वाट तळ्याच्या कडेने तासाभराची. ती मी ‘टाळता न येण्यासारखं’ या तीन शब्दांवर चाललो. सहा वेळा वजा केले की त्याचे उरतात चौदा. तीनशे पंच्याऐंशी भागिले चौदा. साडेसत्तावीस. भागाकार इतका नेमका बसला की मला त्याचाच राग आला. मग मी एकेक कारण गोळा करत गेलो. मेंढरं टाळता येत नाहीत असं थोडंच आहे? कुत्रा नीट शिकवायचा होता. कळप लांब बसवायचा होता. थोरल्याशी भांडायचं होतं. गावाजवळ पोचेपर्यंत मी त्या मेंढरांना पूर्णपणे टाळता येण्यासारखं करून टाकलं होतं.

संध्याकाळी मी कोरा कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात तक्ता काढला. गडी, डाव, धावा, गेला, सरासरी. ‘कसा गेला’ हा रकाना मी आखलाच नाही. माझा सगळा गुन्हा एवढाच आहे, आणि तो करायला मला आखणीची एक रेघसुद्धा जास्त ओढावी लागली नाही. उलट एक कमी.

पारावर तो कागद मी मोठ्याने वाचला. माझे एकवीस रुपये पन्नास. त्याचे एकोणीस रुपये पंचवीस. न्हाव्याची भुवई वर गेली. "आसं कसं? लई पान्यात मारलंय की ह्येनं."

मी वही पुढे केली. "मोजून घ्या."

वही घ्यायला त्यानेच हात पुढे केला, ज्याची ती सरासरी होती. घेतली, मिटली आणि परत माझ्या हातात दिली. "तलाठ्यानं लिवलंय म्हंजे बराबर आसंल." मग न्हाव्याकडे वळून म्हणाला, "सव्वादोन रुपयांनी हरलो. बाजारात तेवडं तर कुनीबी फसवतंय."

सगळे हसले. मीही हसलो.

आणि त्यानंतरचे आठ दिवस, सांगायला लाज वाटते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. कारण त्याने ठरवलं की आता मी गावाचं नाव काढलं पाहिजे. रोज सकाळी कळप उतारावर लावून तो मला गोलंदाजी करायला यायचा. न्हावी मागे उभा, हातातलं काम टाकून. मी एकेक धावेचा माणूस, मला त्याने तो काठीचा फटका शिकवला.

"मनगाट सोड. मनगाट! मेंढराला मारायचं न्हाई, वळवायचंय नुसतं."

"पण चेंडू उसळतोय."

"मेंढरू बी उसळतंयच की. खाली ठिव त्येला."

चौथ्या दिवशी एक चेंडू माझ्या बॅटवरून गवत घासत, दोन बांधांमधून, सरळ पाण्यात गेला. तिघंही ओरडलो. मी चेंडू आणायला पाण्यात शिरलो तर तो आणि न्हावी माझ्यामागे कपड्यांसकट आत आले, आणि तिथे आम्ही इतका दंगा केला की काठावरच्या बायका धुणं उचलून दुसरीकडे गेल्या. शेवटच्या दिवशी मी कमरेपर्यंत ओला होतो. न्हावी म्हणाला, "तलाठ्याला माणूस केला की रं तू."

पुण्यात साहेबांनी कागद पाहिला, मान हलवली आणि पॅड बांधायला सांगितलं. हिरवळीचं मैदान मी प्रथमच पाहत होतो. चेंडू सरळ येत होता, म्हणजे खरोखरच सरळ, वाटेत कुणाच्या आज्याचा बांध नाही. मी त्या फटक्यावर चाळीसच्या वर गेलो. एका साहेबाने विचारलं, हा फटका कुठल्या क्लबात शिकलास? मी म्हणालो, गावाकडचा आहे. कुणाचा ते म्हणालो नाही.

नोकरी लागली. गोदामातून पुढे कचेरीत गेलो, लग्न झालं, मुलं शिकली. सात हंगाम संघात खेळलो, आणि खेळ फार साधारण राहिला. त्या सात हंगामांची सरासरी मी कधी काढलीच नाही.

दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर मी सायकलवरून गावी निघालो होतो. पिरंगुटाजवळ समोरून रस्ता भरून कळप आला. कळपामागे तो. मला बघून त्याने तिथेच रस्त्यात हात वर केले आणि सोबतच्यांना ओरडून सांगितलं, "ह्यो बगा, आमच्या तळ्यातला! पुन्यात मारतोय आता!" मला सायकलवरून उतरवलं, पाठीत धपका घातला. "किती काडल्यास रं परवाच्याला?"

"एकवीस."

"आन् गेलास कसा?"

"झेल देऊन."

"मनगाट सोडलं न्हाईस," तो म्हणाला. तेवढ्यात मागून मोटार आली, कळप दोन्ही अंगांना फुटला आणि तो हसतच पळाला. मी सायकल धरून उभा राहिलो. सांगायचं असतं तर ती वेळ होती, आणि त्यानंतरही ती खूपदा आली. दर जत्रेला तो भेटतो. आता मेंढरं विकून टाकली आहेत, नातवंडं आहेत, गुडघे दुखतात. दोघं पारावर बसतो आणि तो त्या उन्हाळ्यांच्या गोष्टी सांगतो. त्याच्या गोष्टींत मी फार मोठा फलंदाज आहे.

हे लिहून मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. त्याला वाचता येत नाही. तीन उन्हाळ्यांत त्याची सरासरी साडेसत्तावीस होती, माझी साडेएकवीस, आणि पुण्याची जागा त्याची होती, एवढं मी त्याला तोंडाने, पारावर, न्हाव्यासमोर सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.